रेझिस्टर काढला म्हणून दीडशेची बॅटरी किलोमीटरभर मारत नाही भो

गेल्या पंधरा दिवसात बॅटरीचा, म्हणजे टॉर्चचा, एकच व्हिडिओ मला पाच-सहा जणांनी पाठवला आणि शेवटी आमच्या नानांनी पण पाठवला, खाली लिहिलं "हाई करी दे रे भो" (हे करून दे रे). आता प्रत्येकाला फोनवर समजावत बसणं जमत नाही म्हणून एकदाच लिहून टाकतो. मी इंजिनियर वगैरे नाही, आयटीआय केलेला माणूस, पण बॅटऱ्या खोलायचा नाद दहावीपासूनचा आहे आणि जाळल्या पण भरपूर.

व्हिडिओत सांगितलंय ते असं. चार्जिंगच्या स्वस्त बॅटरीत कंपनीवाले मुद्दाम रेझिस्टर (करंट अडवणारा बारका भाग) टाकून उजेड दाबून ठेवतात, म्हणजे तुम्ही महागडं मॉडेल घ्यावं. तो काढून सरळ तार जोडा, उजेड दहापट. आतली शिशाची बॅटरी फेका, जुन्या लॅपटॉपचा लिथियम सेल टाका, चार्जर आहे तोच चालतो. रिफ्लेक्टरला चॉकलेटची चांदी चिकटवा. मग एक किलोमीटर मारते, आणि शेवटी व्हिडिओवाला लांबच्या पाण्याच्या टाकीवर फोकस मारून दाखवतो. (आपल्याकडे टॉर्चलाच बॅटरी म्हणतात त्यामुळे घोळ होतो, तर आतलं जे चार्ज होतं त्याला मी खाली सेल म्हणतो.)

आधी रेझिस्टरचं बघू. एलईडी बल्बसारखा नसतो, तो डायोड आहे. साधा 5 मिलिमीटरवाला पांढरा एलईडी 3.2 व्होल्टच्या आसपास 20 मिलिअँपिअर घेतो, आणि व्होल्टेज जरासं जरी चढवलं, दोन-तीन दशांश व्होल्ट, की करंट दुप्पट-तिप्पट होतो. वरून तो तापला की त्याचं व्होल्टेज खाली येतं म्हणजे आणखी करंट ओढतो, म्हणजे आणखी तापतो. ही गाडी उतारावर सुटली की थांबत नाही, रेझिस्टर हा तिचा ब्रेक आहे.

बरं समजा कंपनीने खरंच उजेड चोरलाय, तर किती चोरलाय ते तरी मोजा. दोन घरांचा शिशाचा सेल चार्ज झाल्यावर 4.2 व्होल्ट धरा, एलईडीला 3.2 गेले, रेझिस्टरवर उरला 1 व्होल्ट. म्हणजे चारातला एक भाग रेझिस्टर खातो. तो सगळाच्या सगळा परत मिळवला तरी उजेड फार तर तिसरा हिस्सा वाढेल, आणि एवढा फरक डोळ्याला धड कळत पण नाही, कारण डोळा काही मीटर नाही, उजेड चौपट झाला तेव्हा कुठे त्याला दुप्पटसारखं वाटतं. दहापट कुठून आणायचे? ते एकाच मार्गाने येतात, एलईडीत जेवढा करंट झेपतो त्याच्या कितीतरी वर कोंबून, आणि त्यातही करंट दुप्पट केला तर उजेड दुप्पट होत नाही, त्याहून कमीच वाढतो, बाकीची गरमी. व्हिडिओत पाच-दहा सेकंद लावून बंद केलीय, नीट बघा. अर्धा तास चालू ठेवून दाखव म्हणा.

आणि काही स्वस्त बॅटऱ्यांत रेझिस्टर नसतोच! तीन पेन्सिल सेलवाल्या बारक्या बॅटऱ्या खोलून बघा, सेल, बटण, एलईडी, संपलं. तिथे ब्रेकचं काम सेलचा आतला विरोध करतो. मग कंपनीचा कट कुठे गेला? अशा बॅटरीत कोणी लिथियम टाकला, ज्याचा आतला विरोध फारच कमी असतो, तर एलईडी एका संध्याकाळचा पाहुणा.

"बघा कसा दुधासारखा पांढराशुभ्र उजेड आला" असंही तो म्हणतो. तो पांढरा नाही, निळा पडलेला आहे. पांढरा एलईडी म्हणजे आत निळी चिप आणि वर पिवळा फॉस्फर (थोडा निळा उजेड पिवळा करणारा थर), ती निळी चिप बनवायला जगाला इतकी वर्षं लागली की त्या कामासाठी 2014 चं फिजिक्सचं नोबेल तीन शास्त्रज्ञांना मिळालं. हद्दीबाहेर करंट गेला की फॉस्फर तापून दमतो आणि निळं जास्त बाहेर पडतं. आपल्याला वाटतं पावर वाढली, खरं तर तो मरायला लागलाय.

आता मुख्य. बाकी सगळं सोडून द्या, एलईडी जळाला तर दीडशे रुपये गेले, पण "चार्जर तोच चालतो" हे वाक्य ज्याने बोललं त्याला खरंच काही कळत नाही किंवा कळून बोलतोय, दोन्ही वाईट. ह्या बॅटऱ्यांच्या मागून दोन पिना बाहेर निघतात आणि आपण सरळ भिंतीतल्या सॉकेटमध्ये खोचतो ना, त्यातल्या बहुतेकांत ट्रान्सफॉर्मर नसतोच. एक कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) असतो, चार डायोड, झालं चार्जर. एक मायक्रोफॅरडचा कपॅसिटर 230 व्होल्टला साधारण 70 मिलिअँपिअर सोडतो आणि सोडतच राहतो, समोर काय लावलंय, ते भरलं की नाही, त्याला काही देणंघेणं नाही. शिशाचा सेल हे बऱ्यापैकी सहन करतो, फार झालं तर पाणी आटतं, फुगतो, मरतो. लिथियम सेल 4.2 व्होल्टला थांबवावाच लागतो. पुढे ढकलत राहिलं तर आतली रचना बिघडते, गरम होतो, आणि एकदा पेटला की फुंकर मारून विझत नाही.

आणि इथे खरी फसगत आहे. 2500 मिलिअँपिअर-तासाचा सेल 70 ने भरायला पस्तीसेक तास लागतात. म्हणजे पहिल्या रात्री लावला, सकाळी काही झालेलं नाही. माणूस म्हणतो जमलं की राव! मग सवयीने रोज लावून ठेवतो आणि चौथ्या-पाचव्या रात्री सगळे झोपलेले असताना तो हद्द ओलांडतो. व्हिडिओवाल्याने एक रात्र चार्ज करून "सेफ आहे" म्हटलं, त्याचा सेल तेव्हा अर्धा पण भरला नसणार.

लॅपटॉपच्या पॅकमध्ये सेलला सांभाळणारी एक पट्टी असते, जास्त भरलं की तोडायचं, जास्त उतरलं की तोडायचं, हे काम तिचं. तुम्ही पॅक फोडून उघडा 18650 (बोटाएवढा गोल लिथियम सेल) काढला म्हणजे ती पट्टी कचऱ्यात आणि हातात नुसता सेल. तोही म्हातारा, कारण चांगला असता तर पॅक टाकला कशाला असता. त्यावर थेट सोल्डरिंग केलं तर आणखी मार. आणि वरून आपला उन्हाळा! लिथियम सेल साधारण 45 डिग्रीच्या वर चार्ज करू नये म्हणतात, मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे बाहेरच 45 असतं, शेतातल्या पत्र्याच्या खोलीत किती असेल तुम्हीच सांगा.

अजून एक, ट्रान्सफॉर्मर नाही म्हणजे आतली सगळी सर्किट लाईनला जोडलेली. पिना सॉकेटमध्ये असताना झाकण उघडून आत बोट घातलं तर ते चार व्होल्ट नाहीत, 230 आहेत. माझ्या मामेभावाला सॉकेटमधून काढल्यावर पण चटका बसला होता, कपॅसिटरमध्ये उरलेला.

चांदीचं एका ओळीत उरकतो. रिफ्लेक्टरचा चकाकता थर गुळगुळीत असतो म्हणून झोत सरळ जातो, चांदी कितीही घासून चिकटवली तरी सुरकुत्या राहतात आणि उजेड इकडेतिकडे सांडतो. टूथपेस्टने घासू पण नका, थर निघून येतो.

आता एक किलोमीटर. टॉर्चच्या रेंजचं मोजमाप असं असतं की समोर 0.25 लक्स, म्हणजे चांदण्याएवढा उजेड, जिथे उरतो ते शेवटचं अंतर. अंतर दुप्पट हवं तर झोताची ताकद चौपट लागते. 100 मीटरला 2,500 कँडेला (झोताच्या ताकदीचं माप), 1 किलोमीटरला 2,50,000. म्हणजे 100 मीटर मारणारीला शंभरपट ताकद हवी! दहापटीचा दावा खरा धरला तरी गणित शंभराचं आहे, म्हणजे तो स्वतःच्याच व्हिडिओत नापास झाला. टाकी चमकली कारण पांढरा रंग आणि मोबाईलचा कॅमेरा, बाकी एक किलोमीटरवर बिबट्या काय, स्वतःच्या मेहुण्याची मोटरसायकल पण ओळखू येत नाही.

आणि नानांना किलोमीटर हवंय कशाला? रात्रीची लाईन असली की केळीत जाऊन ठिबकचे व्हॉल्व्ह फिरवायचे, घोणस बसते पायाजवळ, दोन पानांच्या मधे. तिथे रुंद उजेड लागतो आणि तो तीन-चार तास टिकायला लागतो. जास्त उजेडासाठी 10 वॅटचा एलईडी टाकला तर तो त्या लॅपटॉपच्या सेलवर एक तास पण पूर्ण चालत नाही. त्यात दहातले सहा-सात वॅट गरमी होऊन मागच्या बाजूने निघणार, म्हणून चांगल्या टॉर्चचं अंग ॲल्युमिनियमचं असतं. प्लास्टिक त्याच्या हजारपटीने कमी उष्णता वाहून नेतं, तापलेला एलईडी आतल्या आत शिजतो.

ज्याला खरंच नाद आहे त्याने करावं ना, मी कुठे नाही म्हणतो. ॲल्युमिनियमची बॉडी घ्या, एलईडी तांब्याच्या स्टारवर (एलईडीखालची चांदणीसारखी पट्टी) बसवा, खाली थर्मल पेस्ट, करंटला 7135 चा ड्रायव्हर (एक चिप 350 मिलिअँपिअरला बांधून ठेवते, जास्त हवं तर शेजारी शेजारी लावा), चार्जिंग टीपी4056 च्या (4.2 व्होल्टला थांबणारी चार्जिंगची चिप) प्रोटेक्शनवाल्या बोर्डाने, सेल नवा आणि खरा. 18650 वर 9900 मिलिअँपिअर-तास लिहिलेलं दिसलं तर ते बारसं आहे, त्या साईजमध्ये चांगला सेल साडेतीन हजारच्या आसपास असतो.

नानांची बॅटरी रविवारी खोलली मी. रेझिस्टरला हात नाही लावला. टर्मिनलवर हिरवी-पांढरी बुरशी चढलेली ती घासली, बटणाचे पॉईंट साफ केले, सेल आटून दगड झालेला होता तो काढून तसाच 4 व्होल्टचा नवा टाकला. अंधार पडल्यावर नाना बांधापर्यंत जाऊन मारून आले, म्हणे पहिल्यासारखी झाली. नातीच्या चॉकलेटची चांदी मात्र खिशातल्या डायरीत जपून ठेवलीय त्यांनी, विचारलं तर म्हणे राहू दे, काय सांगता येतं.