महाराज बोलले तर बिघडलं कुठं?

मार्गशीर्षात आमच्या गावी, परभणी जिल्ह्यात, सप्ताह झाला. काल्याच्या कीर्तनात महाराजांनी मांडवातल्या पोरांना मोबाइल वर धरायला लावले. रमीचं अ‍ॅप असेल तर इथंच काढा, म्हणाले. मग पुढं बसलेल्या पुढाऱ्यांकडे वळून म्हणाले, "दिल्लीनं केलेल्या कायद्याला फट पाडू नका." कायदा म्हणजे पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवरच्या बंदीचा. तेव्हापासून भावकीच्या ग्रुपवर रोज वाद. शिकलेली पोरं लिहितात, धर्मवाल्यांनी कायद्यात पडू नये, ज्याचा पैसा त्याची मर्जी, अमेरिकेत बघा, सगळं खुलं आहे.

त्याच अमेरिकेत मी अकरा वर्षं राहतोय, डॅलसजवळ. टेक्सासात सामन्यांवर सट्टा लावणं आजही बेकायदा आहे. कसिनोसाठी लोक आय-३५ महामार्ग धरून रेड नदीपलीकडे, ओक्लाहोमा राज्यातल्या विनस्टारला जातात, कारण तसला कसिनो इथे उभा राहू दिलेला नाही. अधिवेशन आलं की बाप्टिस्ट पंथाची ख्रिस्ती मंडळी राजधानी ऑस्टिनला जाऊन आमदारांना भेटतात. माझे शेजारी त्यातलेच. गॅस स्टेशनवर लॉटरीचं तिकीटसुद्धा घेत नाहीत. त्यांना मागास म्हणताना मी कुणाला ऐकलेलं नाही. मग आमच्या माळकऱ्यांनीच का गप्प बसायचं?

इथल्या धर्मवाल्यांचं सगळं चोख होतं असं नाही. राल्फ रीड या ख्रिस्ती राजकीय चळवळीतल्या नेत्यानं चर्चच्या लोकांना कसिनोविरोधात उठवलं, त्या मोहिमांचा पैसा दुसरे कसिनो चालवणाऱ्या मूळ अमेरिकी जमातींकडून आला होता, हे सिनेट समितीच्या २००६ च्या अहवालात आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बुश यांनी ऑनलाइन जुगाराचे पैसे बँकांमधून फिरू न देणाऱ्या कायद्यावर सही केली. फोकस ऑन द फॅमिलीसारख्या ख्रिस्ती संघटनांनी त्यासाठी जोर लावला होता. पण त्यात फँटसी स्पोर्ट्सला, म्हणजे खऱ्या खेळाडूंची कागदी टीम लावून खेळायच्या खेळाला, सूट राहिली. ड्राफ्टकिंग्ज आणि फॅनड्युएल या कंपन्या त्या सुटीवरच मोठ्या झाल्या, आणि २०१८ मध्ये इथल्या सुप्रीम कोर्टानं राज्यांना सामन्यांवरच्या सट्ट्याची मोकळीक दिली तेव्हा सट्ट्याच्या बाजारात त्याच सगळ्यांत पुढे होत्या. महाराज फट म्हणतात ती हीच.

आपल्याकडची फट 'कौशल्य' या शब्दात होती. सुप्रीम कोर्टानं १९६८ मध्ये रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ म्हटलं, म्हणजे जुगार नव्हे. समोरासमोर बसून पत्ते पिसणाऱ्यांचा तो निकाल अ‍ॅपवाल्यांनी वर्षानुवर्षं ढालीसारखा वापरला. ऑगस्ट २०२५ च्या कायद्यानं ती ढाल काढून घेतली. पैशाचा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, आणि ते योग्यच आहे.

आमच्या लहानपणी पाराच्या मागं चिंचेखाली तिर्रट चालायचं. कोण खेळतं, कोण किती हरलं, संध्याकाळपर्यंत गावाला ठाऊक. एखाद्याची माय तिथं जाऊन त्याला मानगूट धरून उठवायची. गोधडीत मोबाइल घेऊन पडलेल्याला कोण उठवणार?

माझा धाकटा भाऊ असाच यात अडकला. मी बोअरसाठी दीड लाख पाठवले होते. व्हिडिओ कॉलवर विचारलं की म्हणायचा, "निवांत आहे दादा." पुढं एकदा गावी गेलो तेव्हा त्याच्या बँकेच्या नोंदी पाहिल्या. रात्री दोन, अडीच, तीन वाजता. दोनशे, दोनशे, पाचशे, परत दोनशे. बोअरचे संपल्यावर सोयाबीनच्या पट्टीचेही गेले. मी चौदा हजार किलोमीटरहून जास्त दूर, महिन्याला पैसे पाठवले की घरचा राहिलो असं समजून बसलेला.

कीर्तनाचा व्हिडिओ मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून पाहिला. स्पीकरच्या खांबाजवळ धाकटा उभा होता, मोबाइल वर धरून. मी तो तुकडा चारदा मागं नेऊन पाहिला.

ग्रुपवर एका चुलतभावानं मला लिहिलं, "तिकडं डॉलर मोजत बसून तुला काय कळतंय इथलं." उत्तर लिहिलं होतं, पुसून टाकलं, कारण धाकटाही त्याच ग्रुपवर आहे. मग त्याला फोन करून विचारलं, हे कुठंतरी लिहू का. "लिही दादा," म्हणाला. "आबा कुठं मोबाइल बघतात."

आबांना अजून वाटतं, बोअरचे पैसे मी पाठवलेच नाहीत. पोरगं परदेशी गेलं आणि घर विसरलं, असं ते पारावर सांगतात. मी आजवर ते खोडून काढलेलं नाही.