उद्यमबागेतल्या छोट्या कारखान्यानं ईआरपी घ्यावं का?

या महिन्यात बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या तिघांनी मला एकच गोष्ट विचारली. "ताई, तुमच्यात ईआरपी चालतंय म्हणे. घेऊ काय आम्ही पण?" तिघांनाही फोनवर घाईत काहीतरी सांगितलं आणि मग चुटपुट लागून राहिली. ईआरपी म्हणजे कारखान्याचं सगळं काम एकत्र नोंदवणारं सॉफ्टवेअर. यात लाखो रुपये जातात, आणि चुकलं तर कामगारांचा विश्वासही जातो. म्हणून सविस्तर लिहिते. माझं मत आधीच सांगते: जरूर घ्या, पण सुरुवात ऑफिसातून करू नका, स्टोअरच्या दारातून करा.

आमचं मशीन शॉप अप्पांनी सुरू केलेलं. फौंड्रीतून कास्टिंग (ओतीव भाग) येतं, आमच्याकडं टर्निंग-ड्रिलिंग होतं, काही नग महाराष्ट्रातल्या शिनोळीला जॉबवर्कला (मजुरीवर पुढचं काम करून घ्यायला) जातात, परत येतात, तपासून पुण्याच्या गिऱ्हाइकाला रवाना होतात. याचा हिशेब पूर्वी गेटच्या वहीत, स्टोअरच्या वहीत, सुपरवायझरच्या डायरीत, टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये आणि अप्पांच्या डोक्यात असायचा. पाच ठिकाणी पाच आकडे. महिनाअखेरीला ते जुळवायला दोन माणसं तीन-तीन दिवस बसायची.

एका वर्षी खंडेनवमीच्या आधी झाडलोट चालली होती. कंप्रेसरच्या मागं ताडपत्री उचलली तर खाली ६२ हौसिंग (यंत्राच्या भागाचं बाहेरचं कवच). वहीप्रमाणे ते शिनोळीला होते. त्या माणसाशी आम्ही चार महिने भांडत होतो, त्याचं बिल अडवून ठेवलं होतं. तो बिचारा दर वेळी म्हणायचा, "माझ्याकडं न्हाईत ओ, येऊन बघून जावा." अप्पा त्याच दुपारी टेम्पोत बसून शिनोळीला गेले, माफी मागून आले आणि संध्याकाळी मला म्हणाले, "ते कम्प्युटरचं बघ काय असतंय ते."

ईआरपी म्हणजे दुसरं-तिसरं काही नाही, सगळ्या कारखान्याची एकच वही. गेटवर माल उतरला की झालेली एक नोंद स्टोअरला, खरेदीला, उत्पादनाला आणि अकाउंटला तशीच्या तशी दिसते. कुणी परत लिहायची नाही. गंमत अशी की ही नोंद चुकली तर तीही सगळीकडं तशीच्या तशी दिसते.

आमचा पहिला प्रयत्न फसला. मोठ्या शहरातल्या एका कंपनीनं बसवून दिलं, नाव घेत नाही. डेमो छान झाला. त्यांचे प्रश्न मात्र सगळे अकाउंटचे होते, स्टोअरमध्ये ते एकदाच डोकावले. वर १ एप्रिलला सुरू करायचा हट्ट. मार्चअखेरीच्या धावपळीत कुणाचं लक्ष असणार? जुलैपर्यंत स्क्रीनवर एक स्टॉक, रॅकवर दुसरा. काही बदल करून मागितला की दिवसाच्या हिशेबानं वेगळं बिल यायचं.

पण सगळा दोष त्यांच्यावर ढकलणं बरोबर नाही. मोठा दोष अप्पांचा आणि माझा होता. संध्याकाळी गाडी लागलेली असायची, गिऱ्हाइकाचे फोन चालू असायचे, आणि आम्हीच सांगायचो, "माल जाऊ दे, एंट्री उद्या करू." मालकानं हे दोनदा म्हटलं की तिसऱ्यांदा कुणी विचारतही नाही. दिवाळीपर्यंत सगळे परत वहीवर आले.

दुसऱ्या वेळी मी आधी स्टोअर सांभाळणाऱ्या मामांशेजारी बसले. सलग नऊ दिवस. मामा आमच्याकडं अप्पांच्या काळापासून आहेत. कुठल्या रॅकवर काय आहे ते डोळे मिटून सांगतात. पहिल्या दिवशी ते नीट बोललेच नाहीत. दुसऱ्या दिवशी चहा ठेवता ठेवता म्हणाले, "ताई, माझी वही बंद करणार म्हंजे मलाच बंद करणार की ओ?" मला काही बोलता येईना. पहिल्या वेळी ते गप्प का होते, चुकीच्या एंट्र्या बघूनही काही का बोलले नाहीत, ते तेव्हा कळलं. मी त्यांना सांगितलं की तुमच्या वहीतलं जे आहे तेच यात घालायचं आहे, आणि तुम्ही सांगाल त्या नावानं घालायचं आहे.

आणि नावातच खरी मेख निघाली. एकच हौसिंग. ड्रॉइंगवर त्याला नऊ आकडी नंबर. मशीनवरची मराठी पोरं त्याला 'टोपी' म्हणतात, कन्नड बोलणारे 'टोप्पिगे' म्हणतात, डिस्पॅचवाले नंबरातले शेवटचे तीन आकडे बोलतात, ओडिशाकडून आलेली मुलं नुसतं बोटानं दाखवतात. जुन्या सिस्टीममध्ये हा एक नग चार नावांनी चार वेळा चढला होता. म्हणजे एका नावाखाली माल शून्य दिसायचा, नवीन ऑर्डर जायची, आणि दुसऱ्या नावाखाली शंभर पडलेले असायचे. मामांनी आणि मी प्रत्येक वस्तूचं कार्ड केलं: फोटो, नंबर, मराठी आणि कन्नडमध्ये कारखान्यातलं बोलीतलं नाव, खाली बारकोड. स्क्रीन इंग्रजीत आहे, पण रॅकवर आता ज्याला त्याला आपला शब्द दिसतो. पूर्ण ईआरपीत माझं सगळ्यात चांगलं काम कुठलं असेल तर ही कार्डं.

मग किलोचा घोळ. कास्टिंग आपण किलोवर घेतो आणि विकतो नगावर. १२ किलोचा नग धरून ५०० किलो माल चढवला की स्क्रीनवर ४१.६७ नग दिसतात. तो ०.६७ नग कुठं ठेवायचा? वर प्रत्येक कास्टिंगचं वजन थोडं इकडं-तिकडं असतंच, आणि मशीनवर निघालेला भुगा परत किलोवरच विकायचा. शेवटी आम्ही गेटवरच दोन्ही नोंदी सक्तीच्या केल्या: काट्याचं वजन आणि हातानं मोजलेले नग. वाचनात आलं होतं की लिडल या किराणा दुकानांच्या जर्मन कंपनीनं सात वर्षं आणि सुमारे ५० कोटी युरो घालवून २०१८ साली सॅप या ईआरपी सॉफ्टवेअरचा प्रकल्प सोडून दिला. त्यांना माल खरेदी किमतीत धरायची सवय, सॉफ्टवेअर विक्री किमतीवर बेतलेलं. स्टॉक कसा मोजायचा या प्रश्नावरही तेवढी मोठी कंपनी अडखळली, तर आपण किलो आणि नग यांचा निकाल डेमोच्या दिवशीच लावायला हवा.

आपल्या भागाची अडचण आणखी वेगळी. उद्यमबागेतून शिनोळी म्हणजे पाऊण तासाचा रस्ता. बाचीच्या पुढं कधी राज्य बदललं ते कळतही नाही. आमची निम्मी पाहुणेमंडळी चंदगड तालुक्यात आहेत. पण जीएसटीच्या नंबरात आपण २९ (कर्नाटक) आणि ते २७ (महाराष्ट्र). दुसऱ्या राज्यात जॉबवर्कला माल पाठवायचा तर किंमत कितीही कमी असो, ई-वे बिल (माल वाहतुकीचा ऑनलाइन कागद) लागतंच. पूर्वी ड्रायव्हर "इथंच तर जायचंय" म्हणून नुसत्या चलनावर (माल पाठवल्याच्या पावतीवर) निघायचा. एकदा गाडी रस्त्यात अडकली तेव्हा चूक संपूर्ण आमची होती. शिवाय पाठवलेला माल वर्षाच्या आत परत आला नाही तर कायदा तो पाठवला त्याच दिवशी विकला असं धरतो, आणि कर व्याजासकट भरावा लागतो. आता चलन निघतानाच ई-वे बिल निघतं, आणि कुठल्या चलनाचे किती नग कुणाकडं किती दिवस पडलेत ते मला रोज सकाळी दिसतं. जॉबवर्कच्या मालाचा जीएसटी फॉर्म, आयटीसी-०४, भरायला पूर्वी आठवडा जायचा, आता एक दुपार. ५ कोटींच्या वरच्या उलाढालीला १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इनव्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल) आलं, तेही यातूनच जातं. आपल्या फौंड्रीवाल्यांसारख्या छोट्या उद्योगांचे पैसे मुदतीत, म्हणजे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत, दिले नाहीत तर ते देईपर्यंत आयकरात खर्च धरता येत नाही. हा नियम २०२३-२४ पासून आहे. कुणाचे किती दिवस झाले ते आठवून बसावं लागत नाही.

सगळ्यात मोठा फायदा मला गेल्या पावसाळ्यात कळला. पुण्याहून फोन आला, बोअरमध्ये (मधल्या भोकात) ब्लो होल, म्हणजे ओतकामातल्या हवेच्या पोकळ्या, निघालेत. पूर्वी अख्खा लॉट परत आणावा लागला असता. या वेळी नगावरचा हीट नंबर (एका वेळी वितळवलेल्या धातूचा नंबर) टाकला, तर त्या हीटचे २८ नग निघाले. १९ त्यांच्याकडं, ९ आमच्या रॅकवर. तासाभरात यादी पाठवली, बाकीचा माल त्यांच्या लाइनवर चालू राहिला. ती नोंद मामांची होती. गेटवर माल घेताना हीट नंबर वाचून घातल्याशिवाय ते पावती देत नाहीत, मग फौंड्रीचा ड्रायव्हर कितीही घाई करो.

खर्चाचं थोडक्यात. सॉफ्टवेअरचं भाडं बहुतेक दर माणशी दरमहा असतं, म्हणून लोक एकच लॉगिन पाच जणांत वापरतात. तसं करू नका, चूक कुणाची ते कळत नाही. मुंबईत तयार झालेलं इआरपीनेक्स्ट हे मुक्त सॉफ्टवेअर आहे, त्याला परवान्याचे पैसे नाहीत, पण बसवणारा आणि सांभाळणारा माणूस लागतोच. दहा-बारा माणसांचं युनिट असेल तर टॅलीच नीट वापरा, तेवढं पुरे. आणि शिकवलेली मुलं पुण्या-बेंगळुरूला निघून जातात हे धरून चाला. एकाला नाही, तिघांना शिकवा. आमच्याकडं दोन गेली, तिसऱ्या मुलीनं सगळं सावरलं. ती मच्छ्याहून सायकलनं येते, बीकॉम आहे, आणि तिला पगारवाढ मी न मागता दिली.

अजून दोन गोष्टी मला सुटलेल्या नाहीत. वीज गेली आणि नेट बंद पडलं की गेटवर कच्ची पावती लिहावी लागते, आणि ती नंतर चढवताना चुका होतात. दुसरं, शिनोळीत फुटलेले नग ते स्वतः नोंदवत नाहीत, माल परत आल्यावरच कळतं. तुमच्यापैकी कुणी जॉबवर्करला स्वतःच्या सिस्टीममध्ये लॉगिन दिलं असेल तर कसं चाललंय ते सांगा. उद्यमबागेतलं कुणी असेल तर मी येऊन बघते, मामांनाही घेऊन येते.