मदत केल्याने मुली बिघडतात म्हणे!

कोवळ्या वयात आई झालेल्या मुलींना मदत करणाऱ्या, स्वतः मुलं वाढवलेल्या आयांच्या गटांविरुद्ध एक लांबलचक मेसेज सध्या फिरतो आहे. ‘चुकीला खतपाणी घालणाऱ्या बायका’ हे त्याचं शीर्षक. असले मेसेज मी एरवी न वाचता पुसून टाकते. पण आमचा अशाच आयांचा गट मदत करत असलेल्या 17 वर्षांच्या एका मुलीला तो तिच्या सख्ख्या मावशीनेच पाठवला आणि त्यानंतर त्या मुलीने ‘उद्यापासून येऊ नका’ असं आम्हाला कळवलं. बाळ अजून महिन्याचंही नाही. म्हणून उत्तर देणं भाग आहे.

मेसेज म्हणतो, अशा मुलीला एकटं पडू द्या, तिचे हाल पाहून बाकीच्या मुली धडा घेतील. हे वाचून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एका मुलीचे आणि तिच्या तान्ह्या बाळाचे हाल इतरांना शिकवण्यासाठी होऊ द्यायचे, असं हे सरळसरळ म्हणणं आहे. एकटं पडल्यावर काय होतं, हे लिहिणाऱ्याने कधी पाहिलं आहे का? बोलणी बसणार हे ज्या मुलीला ठाऊक असतं, ती पोट दिसेपर्यंत कुणाला काही सांगत नाही. मग पहिली तपासणीच पाचव्या-सहाव्या महिन्यात. तोवर ना कुणी रक्तदाब मोजलेला, ना हिमोग्लोबिन पाहिलेलं, ना लोहाची गोळी सुरू झालेली.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपेक्षा 10 ते 19 वयाच्या मातांना गर्भारपणातल्या झटक्यांचा आणि बाळंतपणानंतर गर्भाशयाला होणाऱ्या जंतुसंसर्गाचा धोका जास्त असतो. त्यांची बाळं कमी वजनाची किंवा दिवस भरण्याआधी जन्मण्याची शक्यताही जास्त. हे झटके येण्याआधी बहुतेक वेळा शरीर इशारा देतं: रक्तदाब चढतो, डोकं सतत दुखतं, डोळ्यांपुढे अंधारी येते, चेहरा आणि हात सुजतात. जवळ जाणती बाई असली तर ती त्याच दिवशी दवाखान्यात नेते. एकटी मुलगी झोप झाली नसेल म्हणून पडून राहते. बाळंतपणानंतरच्या तापाचंही तेच. आणि रात्रभर रडणाऱ्या बाळाला थकलेल्या आईने वैतागून जोरात हादरवलं, तर त्याच्या मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. ‘बाळाला पाठीवर निजव, दोन मिनिटं बाजूला हो आणि मला फोन कर’ असं तिला आधीच सांगून ठेवणारं कुणीतरी लागतं. तेही काढून घ्यायचं, आणि त्याला धडा म्हणायचं?

पुढचा मुद्दा असा, की मदत मिळाली की या मुली लगेच दुसऱ्या बाळाला तयार होतात आणि जन्मभर फुकटचं खातात. इथे तर्क लढवायची गरजच नाही, हे मोजून झालेलं आहे. अमेरिकन संशोधक डेव्हिड ओल्ड्स यांनी 1970च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्क राज्यातल्या एल्मायरा या गावात 400 पहिलटकरणींचा अभ्यास सुरू केला. त्यांत कोवळ्या वयाच्या, अविवाहित, गरीब मुलींचा भरणा होता. कुणाकडे नर्स घरी जाईल आणि कुणाकडे नाही, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलं. ज्यांची निवड झाली त्यांच्यातल्या काही जणींकडे नर्स गरोदरपणापासून बाळ दोन वर्षांचं होईपर्यंत जात राहिल्या. पंधरा वर्षांनंतरचे निष्कर्ष 1997 साली छापून आले. सुरुवातीला अविवाहित आणि गरीब असलेल्या बायकांपैकी, ज्यांच्याकडे नर्स अशा जात राहिल्या त्यांना पुढे सरासरी 1.3 मुलं झाली, ज्यांच्याकडे नर्स गेल्याच नाहीत त्यांना 1.6. पहिल्या आणि दुसऱ्या बाळातलं अंतर 65 महिने, तर दुसरीकडे 37. सरकारी निर्वाहमदत 60 महिने घेतली, तर दुसरीकडे 90. मुलांना मारहाण किंवा त्यांची आबाळ झाल्याच्या खऱ्या ठरलेल्या तक्रारी तर एकूणच जवळपास निम्म्या. मेसेजमधला हा मुद्दा या आकड्यांपुढे टिकत नाही.

‘आता तिचं शिक्षण संपलं’ यावर फार लिहिण्यासारखं काही नाही. परीक्षेचे तीन तास बाळ कुणी सांभाळलं तर ती परीक्षा देते. ‘मुलगा अजून लहान आहे, त्याला यात ओढू नका’ हे बाळाच्या बापाबद्दलचं म्हणणंही तसंच. ती आई व्हायला लहान नव्हती, मग तो लंगोट बदलायला लहान कसा? जबरदस्ती झाली असेल तर गोष्ट वेगळी, तिथे आधी तिची सुरक्षितता. नसेल तर त्याने नामानिराळं राहायचं काही कारण नाही.

राहिला मेसेजमधला शेवटचा मुद्दा, की या बायकांना प्रशिक्षण नसतं. यात तथ्य आहे, जिवावर येऊन का होईना, मान्य करते. एल्मायरात घरी जाणाऱ्या नर्स होत्या, आमच्यासारख्या आया नव्हत्या. पुढे ओल्ड्स यांनीच अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात नर्स आणि नर्स नसलेल्या पण शिकवून तयार केलेल्या बायका अशा दोघींचं काम ताडून पाहिलं, तेव्हा या बायकांच्या भेटींचा परिणाम साधारण निम्माच भरला. तेव्हा ‘मी मुलं वाढवली आहेत’ एवढ्या भांडवलावर औषधं सुचवणारी बाई गटात असेल तर तिला थांबवलंच पाहिजे. आमचं काम सोबतीचं. तपासणीला बरोबर जायचं, बाळाला नीट अंगावर घ्यायला शिकवायचं, धोक्याची लक्षणं दिसताच डॉक्टर गाठायचा. ‘बाळाकडे बघवतच नाही’ असं ती म्हणाली, तर न रागावता तिलाही डॉक्टरकडेच न्यायचं. प्रशिक्षण कमी पडतं म्हणून गट बंद करा असं म्हणणाऱ्यांनी त्याऐवजी प्रत्येक गटाला एक नर्स जोडून द्या अशी मागणी लिहून काढावी. त्यावर आम्ही सगळ्या सही करू.