खुलासा : वणवा डोंगरावर असला तरी वाडी सुरक्षित नसते

‘वणवा डोंगरावरच विझतो, वाडीपर्यंत येत नाही’ असा मेसेज कोकणातल्या ग्रुपांवर फिरतोय. कृपया त्यावर विसंबू नका. ज्वाळांच्या आधी वाऱ्यावर ठिणग्या येतात. कौलांच्या पन्हळीत साचलेला आंब्याचा पाला, पडवीला टेकवलेलं सरपण, गोठ्यालगतची पेंढ्याची उडवी, यांत एक ठिणगी पडली तरी पुरे. ती आत धुमसत राहते आणि माणसं निजल्यावर भडकते. पाला आजच उतरवा. उडवी हलवायला अख्खी सकाळ जाते, ठाऊक आहे, तरीही हलवा. घराभोवतीचं सुकं गवत कापा. गुरांची दावी झटकन सुटतील अशी बांधा. आजी-आजोबांना कोण घेऊन निघणार, तेही आत्ताच ठरवा. धूर दिसताच वनविभागाच्या १९२६ वर कळवा.