रॅमची एकच पट्टी नको, दोन घ्या
ग्राफिक्स कार्डाशिवायच्या स्वस्त डेस्कटॉपसाठी लेखात एएमडीचा रायझन ५ ५६००जी हा प्रोसेसर सुचवलाय, ते पटलं. पण त्यासोबत ८ जीबी रॅमची एकच पट्टी? इथे मात्र असहमत. या प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधूनच उसनी घेतं. एक पट्टी म्हणजे सिंगल चॅनल (रॅमकडे जायला एकच वाट), म्हणजे बँडविड्थ (डेटा ये-जा करण्याचा वेग) निम्मी, आणि गेममध्ये सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम्स लगेच कमी होतात. ८-८च्या दोन पट्ट्या, डीडीआर४ प्रकारच्या, ३२०० वेगाच्या, एवढं घ्याच. त्यासाठी आरजीबीवाला (रंगीत दिव्यांचा) कॅबिनेट सोडावा लागला तरी बेहत्तर (दिवाळीला आकाशकंदील आहेच की).

कॅबिनेटबरोबर येणाऱ्या एसएमपीएसवर (वीज पुरवणाऱ्या डब्यावर) ४५० वॅट छापलेलं असतं, पण स्टिकरवर १२ व्होल्टसमोर किती अँपिअर लिहिलेत तेही वाचा; प्रोसेसर आणि कार्डाला मुख्यतः तिथूनच वीज मिळते. नावाजलेल्या कंपनीचा ८० प्लस ब्रॉन्झ (वीज कमी वाया घालवण्याचं प्रमाणपत्र) असलेला एसएमपीएस घेतलात तर पुढे ग्राफिक्स कार्ड टाकताना तोच चालेल.

आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या कॉम्प्युटर बाजारात कोटेशन घेणाऱ्यांनो, बिलावर ५६०० पुढे ‘जी’ आहे ना ते बघा. नुसत्या ५६०० मध्ये ग्राफिक्स नाही, कार्डाशिवाय स्क्रीनवर काहीच येणार नाही. इंटेलच्या १२४००एफ या प्रोसेसरचंही तेच.