‘देशाच्या शब्दांत राजकारण नसतं’ म्हणे!

नागपुरात हिवाळी अधिवेशन तोंडावर आलं, यशवंत स्टेडियमवरून मोर्चे निघायला लागले, की व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर फिरतो. निवडणुकीत तर तो दुप्पट वेगाने फिरतो. त्याचा गाभा असा: राष्ट्रहित, देशभक्ती, भारतमाता हे शब्द कुठल्या पक्षाचे नाहीत, त्यांत राजकारण शोधू नका. सरकारविरुद्ध बोलणं हा देशद्रोह आहे, कायदाच तसं सांगतो. स्वातंत्र्यलढ्यात असले प्रश्न कुणी विचारले नव्हते. आणि अमेरिकेत तर अशी हिंमतही कुणी करणार नाही. शेवटी तिरंगा आणि ‘खरे भारतीय असाल तर पुढे पाठवा’.

या मजकुरात सगळ्यांत कामाची ओळ ही शेवटचीच. पुढे न पाठवणाऱ्याला काही न बोलता खोट्या भारतीयांत बसवून टाकलं. वर लिहिलेलं खरं की खोटं हा प्रश्न त्यामुळे मागेच राहतो. म्हणून तो आधी घेऊ.

‘कायदाच तसं सांगतो.’ नाही सांगत. ब्रिटिशांनी 1870 मध्ये दंड संहितेत 124-अ हे कलम घातलं. त्यातला गुन्हा होता कायद्याने स्थापन झालेल्या सरकारबद्दल अप्रीती निर्माण करणं. देशाबद्दल नव्हे, सरकारबद्दल. म्हणून तर मराठीत त्याला राजद्रोह म्हणत. 1962 मध्ये केदारनाथ सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने कलम ठेवलं, पण त्याला वेसण घातली: हिंसेला चिथावणी असेल किंवा सार्वजनिक सुव्यवस्था बिघडवण्याचा रोख असेल तरच गुन्हा. सरकारवर कितीही कडक शब्दांत टीका केली तरी तेवढ्याने तो होत नाही. 1995 च्या बलवंत सिंग निकालात तर इंदिरा गांधींची हत्या झाली त्याच दिवशी चंदीगडमध्ये खलिस्तानच्या घोषणा दिलेले आरोपी सुटले. दोन-चार घोषणा दिल्या, लोकांनी प्रतिसाद दिला नाही, काही घडलं नाही, तर राजद्रोह कसला, असा न्यायालयाचा सूर होता.

11 मे 2022 ला सर्वोच्च न्यायालयाने 124-अ चा वापर थांबवला आणि 1 जुलै 2024 पासून जुन्या दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. नवं विधेयक मांडताना ‘राजद्रोहाऐवजी देशद्रोह’ असं संसदेत सांगितलं गेलं. पण कलम 152 उघडून वाचा. त्यात देशाचं सार्वभौमत्व, एकता आणि अखंडता धोक्यात आणणाऱ्या कृत्यांची भाषा आहे, आणि खालच्या स्पष्टीकरणात सरकारी निर्णय कायदेशीर मार्गाने बदलून घेण्यासाठी व्यक्त केलेली नापसंती वेगळी काढली आहे. कलम सौम्य आहे असं मुळीच नाही. जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे आणि शब्दरचना इतकी ऐसपैस आहे की काळजी वाटावी. तरीही मोर्चातली अंगणवाडी सेविका मानधनासाठी मॉरिस कॉलेज टी-पॉइंटला घोषणा देते, ती या कलमात बसत नाही.

राहिला ‘अँटीनॅशनल’, म्हणजे देशविरोधी, हा शिक्का. त्याची व्याख्या कुठल्याही कायद्यात नाही, हे डिसेंबर 2021 मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयानेच लोकसभेत लेखी सांगितलं. राज्यघटनेत हा शब्द एकदा शिरला होता. आणीबाणीत, 1976 च्या 42 व्या दुरुस्तीने, अनुच्छेद 31-ड मधून. पुढच्या सरकारने 43 व्या दुरुस्तीने तो काढून टाकला.

‘हे शब्द कुठल्या पक्षाचे नाहीत.’ बरोबर, नाहीत. पण म्हणूनच प्रत्येक पक्षाला ते हवे असतात. आणीबाणीच्या काळात काँग्रेसचे अध्यक्ष देवकांत बरुआ ‘इंदिरा म्हणजे भारत’ म्हणत होते. विरोधकांच्या मागे ‘परकीय हात’ आहे, हे त्याच काळातलं पेटंट वाक्य. आज वाक्यं बदलली, सत्ताधारी बदलले, सांधा तोच आहे: सरकारच्या जागी देश ठेवायचा. एवढी अदलाबदल जमली की निर्णयाला विचारलेला प्रश्न आपोआप देशावरचा हल्ला ठरतो आणि उत्तर द्यायची जबाबदारी विचारणाऱ्यावर येते.

आणि या शब्दांत, चिन्हांत राजकारण नसतं, तर कायद्याला ते थोपवायची गरज का पडली? लोकप्रतिनिधित्व कायदा, 1951 चं कलम 123(3) पाहा. जात-धर्माच्या नावाने मतं मागणं भ्रष्ट आचरण आहे, हे बहुतेकांना माहीत असतं. त्याच कलमात पुढे राष्ट्रध्वज, राजमुद्रा अशी राष्ट्रीय प्रतीकं मतांसाठी वापरणंही आहे, हे मात्र कुणी सांगत नाही. मार्च 2019 मध्ये निवडणूक आयोगाने आधी जवानांचे फोटो प्रचारात वापरू नका आणि मग सैन्याच्या कारवायांवर प्रचार करू नका, अशा दोन सूचना दहा दिवसांच्या अंतराने काढल्या. पहिलीने भागलं असतं तर दुसरी कशाला लागली असती?

‘स्वातंत्र्यलढ्यात असले प्रश्न कुणी विचारले नव्हते.’ हे नागपुरात बसून लिहायला धाडस लागतं. 1 मे 1923 पासून याच शहरात झेंडा सत्याग्रह झाला. चरख्याचा तिरंगा घेऊन सिव्हिल लाइन्सकडे जायचं नाही, असा सरकारी हुकूम होता. तुकड्या रोज निघत, रोज पकडल्या जात. जमनालाल बजाजांना अटक झाल्यावर वल्लभभाई पटेलांनी सूत्रं हातात घेतली आणि ऑगस्टमध्ये झेंडा सिव्हिल लाइन्समधून गेला. सरकारच्या लेखी तेव्हा राजनिष्ठ कोण होते? घरी बसलेले. टिळकांवर 1908 मध्ये राजद्रोहाचा खटला चालला, त्यातला ‘केसरी’चा एक अग्रलेख होता ‘देशाचे दुर्दैव’. शिक्षा सहा वर्षं, मंडालेच्या तुरुंगात. निष्ठा कशाशी, राज्यकर्त्यांशी की देशाशी, हाच तर त्या लढ्याचा मूळ प्रश्न होता.

अमेरिकेचं थोडक्यात. 11 सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर 2001 मध्ये पाळत वाढवणारा कायदा आला. लांबलचक नावाची आद्याक्षरं जुळवून त्याचं नाव ‘पॅट्रिअट’ केलं. देशभक्तीच्याच विरोधात मत कोण देणार? तरी सिनेटमध्ये रस फाइनगोल्ड यांनी एकट्याने विरोधात मत दिलं (98 विरुद्ध 1) आणि प्रतिनिधीगृहात 66 जणांनी. हिंमत करणारे निघतातच.

आता एक फलक घेऊ, कुठल्याही चौकात दिसेल असा: ‘देशाच्या विकासाला विरोध करणाऱ्यांना ओळखा!’ यातला ‘देश’ काढा आणि तिथे नेमका कर्ता घाला: अमुक खातं, अमुक रस्ता, अमुक रकमेचं टेंडर. मग ‘विरोध’ उलगडा. रस्ता नको म्हणतात, की मोबदला कमी म्हणतात, की झाडं वाचवून आखणी बदला म्हणतात? ‘करणाऱ्यांना’ म्हणजे किती जणांना, कोणाला? ‘ओळखा’ म्हणजे ओळखून करायचं काय? चार जागा भरल्या की फलकावर भांडता येण्याजोगा मुद्दा उरतो किंवा काहीच उरत नाही. बहुतेक वेळा लोक चुकतात ते पहिल्याच पायरीवर: ‘देश’ काढून ‘सरकार’ घालतात आणि थांबतात. सरकार हाही मोठाच शब्द आहे. खातं आणि रक्कम येईपर्यंत खाली उतरावं लागतं.

हीच चाळणी ‘देश वाचवा’, ‘संविधान धोक्यात’ या विरोधकांच्या फलकांनाही लावायची. कोणतं कलम, कोणत्या निर्णयाने, कसं धोक्यात? उत्तर असेल तर फलक टिकेल. संविधान चौकातल्या धरण्यांना ही सवय लागली तर निवेदनंही जरा नेमकी होतील.

प्रचारात ध्वज किंवा जवानाचा फोटो दिसला तर करायचं काय? लोकसभा-विधानसभेची आचारसंहिता लागू असताना आयोगाच्या सी-व्हिजिल अ‍ॅपवर तक्रार करा. फोटो किंवा व्हिडिओ अ‍ॅपमधूनच जागेवर काढावा लागतो. गॅलरीतला किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला चढत नाही, आणि तक्रारी अडतात त्या इथे. कलम 123 खाली निवड रद्द करून घ्यायची असेल तर मात्र अ‍ॅपचा उपयोग नाही. त्यासाठी निवडणूक याचिका लागते. ती उच्च न्यायालयात, म्हणजे आपल्याकडे नागपूर खंडपीठात, निकालापासून 45 दिवसांच्या आत दाखल करायची, आणि ती फक्त उमेदवाराला किंवा त्या मतदारसंघातल्या मतदाराला करता येते.