जुन्या लॉकर रूमचे फोटो दाखवून पोरांची तालीम बंद करू नका

जळगाव-धुळ्याच्या ग्रुपांवर सध्या एक फॉरवर्ड फिरतोय. अमेरिकन खेळाडूंचे सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीचे काळेपांढरे फोटो : सामना संपलाय, कुणी शॉवरखाली, कुणी टॉवेल गुंडाळून बाकावर. खाली मजकूर असा, की ही पश्चिमेची विकृती आहे, आपल्याकडे पुरुष पुरुषासमोर कधी उघडा झाला नाही, तिकडे तर बायकाही पत्रकार बनून आत शिरल्या, हे लोण आता इकडे येतंय, म्हणून मुलांना तालमीत किंवा पोहायला पाठवू नका. माझ्या वहिनीने हे वाचलं आणि पुतण्याची तालीम बंद केली. म्हणून लिहायला बसलो.

आपल्याकडे कधी नव्हतं? अमळनेर, पारोळा, चोपडा, कुठल्याही भागातली यात्रेची दंगल जाऊन बघा. सगळ्या गावासमोर गडी लंगोटावर मातीत उतरतो. तालमीत मेहनत झाली की पोरं एकमेकांची मालिश करतात, एकाच नळाखाली अंघोळी उरकतात. आपल्या आजोबा-पणजोबांनी हेच केलं. आणि पूर्ण नग्नतेबद्दल बोलायचं, तर बागलाणात मांगीतुंगीला ऋषभदेवांची 108 फुटी दिगंबर मूर्ती आहे. तिच्यापुढे लोक बायकापोरांसह हात जोडतात.

'लोण वाढतंय' हे तर साफ उलटं. अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य संघटनेने 1926 साली पुरुषांनी बंदिस्त तलावात विवस्त्र पोहावं, अशी शिफारसच केली होती. कारण स्वच्छतेचं. पोहण्याच्या लोकरी कपड्यांचे धागे पाण्याच्या गाळणीत अडकत. कित्येक शाळांत आणि वायएमसीए या तरुणांच्या संस्थेच्या तलावांत तशी पद्धत होती. 1962 मध्ये ती शिफारस गेली. म्हणजे तिकडे अंग झाकणं वाढत गेलंय. त्या काळात लाजाळू पोरांची कुचंबणा झाली असणार, हे मी मानतो. कुणाला आडोसा हवा असेल तर तो मिळालाच पाहिजे. एवढंच त्या फॉरवर्डमधलं खरं.

सगळ्यात संताप आणणारा मुद्दा बाईपत्रकारांचा. उघड्या पुरुषांना बघायला आत शिरल्या म्हणे! मेलिसा लुडके ही 'स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड'ची बेसबॉल पत्रकार. 1977 च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे तिकडच्या बेसबॉलच्या अंतिम मालिकेत, तिला खेळाडूंच्या कपडे बदलायच्या खोलीत, म्हणजे लॉकर रूममध्ये, जायला मनाई झाली. सामना संपल्या संपल्या खेळाडू बोलतात ते तिथेच. पुरुष पत्रकार आत जाऊन बातमी लिहिणार आणि ही दाराबाहेर ताटकळणार. ती कोर्टात गेली. 1978 मध्ये न्यायाधीश कॉन्स्टन्स बेकर मोटली यांनी न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियमपुरता निकाल तिच्या बाजूने दिला. खेळाडूंची लाज राखायची तर पडदे लावा, टॉवेल वापरा, त्यासाठी बाईचं काम अडवायची गरज नाही, असं त्यांनी म्हटलं. टीव्हीचे कॅमेरे त्याच खोलीत जात होते, याकडेही कोर्टाने लक्ष वेधलं. आपलं काम करता यावं म्हणून लढलेल्या बाईवर असली घाण उडवणाऱ्याला काय म्हणावं?

आता वहिनीची खरी भीती. कुणी पोराचा कपडे बदलताना फोटो काढला तर? ही भीती रास्त आहे, पण तिचा त्या जुन्या फोटोंशी काही संबंध नाही. तिथे फोटोग्राफर मोठा कॅमेरा घेऊन समोर उभा असायचा, खेळाडूंना दिसायचा. आज खिशात फोन आहे. त्यासाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66ई आहे. संमतीशिवाय कुणाच्या गुप्तांगाचा फोटो काढला किंवा पाठवला, अंतर्वस्त्रातला असला तरी, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मुलगा असो की मुलगी, कलम एकच.

तेव्हा वहिनी, पोराला घरात कोंडू नका. दादाला घेऊन वस्तादांना भेटा आणि सांगा, की फोन तालमीच्या दाराबाहेर ठेवायचा, वस्तादांचासुद्धा, आणि कपडे बदलायला एका कोपऱ्यात पडदा लावायचा. पडद्याचा खर्च मी देतो.